नाव, गाव, वार

उकाड्यानं माणूस मरतो यावर अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात मनापासून विश्वास असलेला एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की मी माझी एकुलती एक मुलगी नेमकी त्याच्याच घरात दिली. बाकी तुम्ही-आम्ही काय करतो? "लई उकडालंय राव" म्हणतो, कपाळाचा घाम बोटानं निपटून टाकतो आणि कामाला लागतो. आमचे व्याही उकाड्याला नावं ठेवत नाहीत. ते उकाडा मोजतात. आमच्याकडं सोयऱ्याला पावणं म्हणायची रीत आहे, म्हणून मी त्यांना पावणं म्हणतो आणि ते मला पावणं म्हणतात. पण हे पावणे कुणाच्याही घरी गेले की चहापाण्याआधी भिंतीला खिळा आहे का ते बघतात. खिळा दिसला की खांद्यावरच्या पिशवीतून एक लाकडी पट्टी निघते आणि जमिनीपासून मोजून पाच फुटांवर लटकते. खिळा उंच असला तर सुतळी बांधून पट्टी खाली सोडतात. कामाच्या जागेची हवा पाच फुटांवरच मोजायची, कारण माणसाचं नाक तिथं असतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या पट्टीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी बसवलेले. एक नुसता, कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला मलमलीची चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवलेलं. ही चिंधी विहीणबाईंच्या जुन्या पांढऱ्या पातळाची. आमच्या जैनांच्या घरात पाणी गाळायला दुहेरी फडकं लागतं, त्याच फडक्याचा हा तुकडा. "कोरडा नुसत्या गप्पा हाणतोय," पावणे सांगायचे, "खरं त्यो वलाच बोलतोय. घाम वाळला तर माणूस गार ऱ्हातोय. पर हवेतच पाणी भरलं आसंल तर घाम वाळंल कसा? मग माणूस आतल्या आत शिजतोय की!" ओल्याचा पारा तिसाच्या वर गेला की ती जागा त्यांच्या लेखी कामाची राहत नाही, चूल होते. हा तिसाचा आकडा कारखान्यांच्या नियमांत छापलेला आहे असं ते सांगतात आणि तो कागद घडी घालून पाकिटात ठेवतात. लोक पाकिटात देवाचा फोटो ठेवतात.

मुलगी बघायला आले तेव्हाचीच गोष्ट घ्या ना. कळंब्याची मंडळी, शिकलेला मुलगा, चांगलं घर. आम्ही पोहे केलेले, मुलगी साडी नेसून तयार. आणि मुलाचे वडील सरळ स्वैपाकघरात! बायको भाकरी थापत होती, ती दचकून उभीच राहिली. त्यांनी कोनाड्यातल्या खिळ्याला पट्टी अडकवली, पंधरा मिनिटं हाताची घडी घालून उभे राहिले आणि मग बाहेर येऊन सगळ्या बैठकीसमोर मला म्हणाले, "पावणं, ओला एकतीस. ह्या खोलीत वहिनी रोज दोन-दोन तास काढत्यात व्हय? तुमी काढा की एक दिवस." कुठं हुंडा, कुठं मानपान, कुठं हे. मुलीला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाळ, पाणी किती पितीस?" लग्न ठरलं. मला वाटलं होतं बायको अपमानानं आठ दिवस बोलणार नाही. बोलली ती दुसऱ्याच दिवशी, गवंड्याशी. माझ्या स्वैपाकघराला खिडकी पडली, आणि तेव्हापासून माझ्याच घरात पावण्यांचा पक्ष तयार झाला.

लग्नात तर त्यांनी कहर केला. मे महिना, भर दुपारचा मुहूर्त, मांडव पत्र्याचा. वरात आली तशी मी हार घेऊन पुढं झालो, तर वरातच थांबलेली. काय झालं म्हणून बघतो तर वरबाप बँडवाल्यांना कोट काढायला लावतायत. लाल जाड कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, आत घामानं निथळणारी माणसं. बँडमास्तर हात जोडून म्हणाला, "साहेब, कोटाशिवाय शोभा न्हाय." पावणे म्हणाले, "शोभा घरात ठेव. कोट काढल्याबिगर एक सूर वाजवायचा न्हाय." शेवटी माझ्या दारात वरात आली ती बनियनवरच्या बँडसकट. आमच्या भावकीतले लोक अजून तो फोटो दाखवून मला छळतात. बरं, तिथं थांबले असते तर ते पावणे कसले? जेवणाच्या पंगतीत गावच्या मोठ्या मोठ्या पाहुण्यांना वाकून विचारत फिरले, "लघवीचा रंग कसा हाय? उसाच्या रसागत का चहागत?" एका मानाच्या पाहुण्याच्या हातातली बुंदी ताटात पडली. "लाजू नगासा," पावणे म्हणाले, "चहागत आसंल तर ताक घ्या आणि एक वाटी."

पण सगळ्यांत मोठा छळ म्हणजे त्यांचे तीन प्रश्न. उन्हाचा तडाखा वाढला की ते समोर येईल त्याला विचारतात: "नाव काय? गाव कुठलं? आज वार कुठला?" वळखीचा असो, परका असो. चाळीस वर्षं शेजारी राहणाऱ्याला सुद्धा. नवरदेव उखाणा घ्यायला उभा राहिला, बायका हसतायत, सगळे कान टवकारून बसलेत, तेवढ्यात हे पुढं: "बायकूचं नाव मागनं घे. आदी सोताचं सांग. आन् आज वार कुठला?" बिचारा गडबडला, वार चुकला, आणि बापानं त्याला भर मांडवात खुर्चीत बसवून डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. माझी बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, व्याह्याच्या डोक्यात काय बिघाड हाय का बघ. पोरगी देऊन बसलास." मी तिला काय सांगणार? मला तरी कुठं ठाऊक होतं?

मला ते कळलं पुढच्या उन्हाळ्यात, आणि कळलं ते भांडणातून. कबनूरला माझे चोवीस माग आहेत. साधा कारखाना, वर सिमेंटचे पत्रे, आणि ज्यानं माग चालवलाय त्याला सांगायला नको, खिडक्या बंद. वाऱ्यानं ताण्याचं, म्हणजे उभं, सूत हलतं, कोरड्या हवेत कडकड तुटतं. म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो आणि फरशीवर सारखं पाणी मारतो. माझ्या बापानं हेच केलं, मीही हेच करतो. पावणे एकदा दुपारी आले, पट्टी लावली, आणि मागांच्या खडखडाटात माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "तेहतीस! पावणं, ह्यो कारखाना हाय का मोदकपात्र?" मी त्यांना ऑफिसात नेलं. सूत तुटतं, पावणं. सूत तुटलं की माग थांबतो. "सूत तुटलं तर गाठ मारता येतीय की वो," ते म्हणाले. "सुताला जे मानवतंय ते माणसाला सोसत न्हाय. दर तासाला पंधरा मिन्टं आळीपाळीनं बाहेर सोडा, सावलीत बसवा, मिठाचं ताक द्या. नवा गडी घेतला तर पैला आठवडा अर्धीच पाळी. तालमीत नव्या पैलवानाला पैल्याच दिवशी हजार जोर मारायला लावता व्हय?" मी चिडलो. म्हटलं, तुमच्या नादानं मी कारखान्याचा दवाखाना करू? एवढं झालंय तरी काय तुम्हाला?

तेव्हा ते खुर्चीत बसले आणि शांतपणे सांगितलं. तीस वर्षं ते इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये दिवाणजी होते. सायझिंग म्हणजे मागावर चढवायच्या आधी सुताला खळ पाजून वाफेच्या गरम सिलिंडरवर वाळवतात ती जागा. तिथं बारा महिने उन्हाळाच. एका मे महिन्यात एक नवा गडी तिसऱ्याच दिवशी दुपारी झोकांड्या खायला लागला, काहीबाही बरळायला लागला. पावण्यांनी बघितलं आणि त्यांना वाटलं, गडी पिऊन आलाय. "मीच म्हटलं, न्या त्येला बाहेर, कोपऱ्यात झोपवा, उतरली की हुईल सरळ. पिणाऱ्याचा मला लई राग. संध्याकाळी उठवाय गेलो." पुढचं त्यांनी हातानंच सांगितलं, संपलं म्हणून. मग म्हणाले, "त्येनं थेंब घेतला नव्हता, पावणं. चढला व्हता त्यो उष्मा. मी नुसतं त्येला नाव इचारलं आसतं, वार इचारला आसता, तरी कळलं आसतं की मला. पिलेला माणूस लई बोलतोय, पर आपलं नाव सांगतोय. डोस्कं शिजलेल्याला त्ये बी जमत न्हाय." माणूस म्हणून मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, मालक म्हणून मनात आलं, ती सायझिंगची गोष्ट, मागावर असं काही होत नसतं. जाताना त्यांनी पट्टीचा एक जोड मला भेट दिला. मी तो कारखान्यात कॅलेंडरशेजारी लावला आणि बाटलीत पाणी घालायचं महिन्याभरात विसरलो. चिंधी वाळली, दोन्ही थर्मामीटर एकच आकडा दाखवायला लागले, तर मी धरून चाललो की यंत्र बिघडलं.

पावणे मात्र दर आठवड्याला येतच राहिले. मागांच्या रांगेतून फिरत एकेकाला प्रश्न विचारायचे. कामगारांना गंमत वाटायची. एक जण नेमानं सांगायचा, "नाव लक्षात न्हाय, आज दिवाळी!" पण परशराम नावाचा माझा जुना गडी, पन्नाशीचा, वीस वर्षं माझ्याकडं, तो मागांवरून आवाज चढवून ठणकावून सांगायचा: "परशराम! कागल! मंगळवार! आन् पाणी पिलोय!" त्याला त्या माणसाची कीव यायची की लळा लागला होता, देव जाणे. पावणे त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि खुशीत पुढं सरकायचे.

आता जे सांगतो ते सांगायला मला अजून जड जातं. त्याच उन्हाळ्यातली, मे महिन्यातली दुपार. कापड द्यायची घाई होती, चोवीसच्या चोवीस माग चालू, खिडक्या बंद, फरशी ओली. त्या दिवशी पावणे नव्हते. तीनच्या सुमाराला परशरामचा एक माग थांबला. मी लांबून बघतोय, तर हा मागासमोर नुसता उभा. हातात सुताची कांडी, ती मागाच्या धोट्यात बसवायची सोडून खिशात कोंबतोय. मग वळला, सुताच्या बीमला धडकला, भेलकांडला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या सात पिढ्यांत कुणी दारूच्या थेंबाला शिवलेलं नाही आणि माझ्या कारखान्यात भर दुपारी हा तमाशा? मी जाऊन त्याचा दंड धरला. दंड तापलेल्या तव्यासारखा लागला, तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. दोघा गड्यांना म्हटलं, "गेटाबाहेर बसवा ह्याला. उतरली की जाईल घरी." तुमच्या लक्षात आलं ना? पावण्यांच्या तोंडून निघालं होतं तेच. ते दोघे त्याला ओढत दारापर्यंत गेले आणि मी मागून, नुसता रागानं, टोमणा म्हणून ओरडलो, "अरे वार तरी सांग बाबा, आज कुठला हाय त्यो!"

परशराम थांबला. माझ्याकडं बघितलं, आणि लहान पोरासारख्या आवाजात म्हणाला, "आई जेवली का?"

त्याची आई जाऊन दहा वर्षं झाली होती. तिच्या मातीला मी गेलतो.

मग मी काय केलं ते मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. माग बंद करा म्हणून ओरडलो. सगळ्या खिडक्या, ज्या माझ्या बापाच्या काळापासून उन्हाळ्यात उघडल्या नव्हत्या, त्या धडाधड उघडल्या. वारा आत शिरला आणि चोवीस मागांवरचं सूत फडफडायला लागलं. परशरामला बाहेर कडुलिंबाच्या सावलीत आडवा केला, शर्ट फाडला, फरशीवर मारायच्या पाण्याच्या बादल्या त्याच्या अंगावर ओतल्या. एका हातानं पावण्यांना फोन लावला. मी रडत होतो, सरळ सांगतो. ते पलीकडून ओरडले, "तोंडात पाणी घालू नगासा! शुद्ध न्हाय त्येला, ठसका लागंल! अंगावर घाला, वारा घाला, काखंत वली फडकी ठेवा! आदी गार करा, मग दवाखाना! आन् फोन ठेवा, दोन्ही हात लावा!" फोन त्यांनीच ठेवला. टेम्पोत घालून नेलं तेव्हा सुद्धा मी आणि एक गडी वाटभर त्याच्या अंगावर पाणी मारत होतो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच अंग गार करत आणलंत ते बरं केलंत, आता बघू.

पावणे तासाभरात आले. पिशवी खांद्यावर होतीच. सलाईनच्या दांडीला पट्टी अडकवली, नर्स ओरडली तरी काढली नाही, आणि परशरामच्या पायथ्याशी बसले. संध्याकाळ होत आली तसं मी म्हटलं, पावणं, सूर्य मावळायच्या आत चार घास खाऊन घ्या, मग तुम्हाला चालायचं नाही. ते म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या." परशरामनं डोळे उघडले तेव्हा ते पुढं वाकले. "नाव काय?" त्याचे ओठ हलले. "परशराम." "गाव?" "कागल." "वार?" परशरामनं खूप विचार केला, आणि नाही म्हणून मान हलवली. पावणे परत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते आधीच तिथं उभे होते, आणि कॉटवरून बारीक आवाज आला: "परशराम. कागल. बुधवार. आन् पाणी द्या की जरा." पावण्यांनी पाणी दिलं. मग आमच्याकडं पाठ केली आणि दांडीवरची पट्टी सरळ करत राहिले. पट्टी सरळच होती. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पावणं, तुमी इचारलंसा." मी टोमणा मारला होता हे त्यांना सांगायचं धाडस मला त्या दिवशीही झालं नाही आणि आजवरही नाही.

कारखान्यात आता भिंतीला वरच्या बाजूनं जाळ्या आहेत, गरम हवा ओढून काढणारे पंखे आहेत, आणि दर तासाला चार-चार जण लिंबाखाली जाऊन बसतात. सूत तुटतं. गाठी मारतो. ओल्याच्या बाटलीत मी रोज सकाळी स्वतःच्या हातानं पाणी घालतो, आणि उन्हाळ्यात रांगेतून फिरत तीन प्रश्न मीच विचारतो. तो दिवाळीवाला अजून दिवाळीच सांगतो. मग मी त्याला नाव सांगेपर्यंत सोडत नाही. परशराम आता पाळी करत नाही, कांड्या मोजायला बसतो, पण विचारलं तर ठणकावतो पहिल्यासारखाच.

गेल्या महिन्यात कळंब्याला गेलतो. मुलीनं फोनवर सांगितलंच होतं, मामंजी हल्ली विसरायला लागलेत म्हणून. दिवसातून दहादा बाटलीत पाणी घालतात, जेवले तरी जेवलो नाही म्हणतात. पावणे ओसरीवर खुर्चीत बसले होते, शेजारी खांबाला पट्टी. मला बघून हसले. मग म्हणाले, "नाव काय?" मी हसलो. म्हटलं, आले मूळपदावर. "गाव कुठलं?" आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांकडं माझं लक्ष गेलं. ते मला तपासत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आत दारात मुलगी पदर तोंडाला लावून उभी होती. मी ताठ बसलो आणि परशरामसारखा खणखणीत आवाज काढून पूर्ण नाव सांगितलं, कबनूर सांगितलं, गुरुवार सांगितला, पाणी पिलोय म्हणून सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "बरं हाय," म्हणाले, "शुद्धीत हाईसा."

मग मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "पावणं, आज वार कुठला?" मी आत्ताच सांगितला होता तरी त्यांना येईना. ते माझ्याकडं बघत राहिले, कळंब्याच्या तळ्याकडून येणाऱ्या वाऱ्याकडं बघत राहिले, कपाळाला आठ्या पडल्या. मला माझाच राग आला, कशाला विचारलं म्हणून. तेवढ्यात ते पट्टीकडं न वळता, एकदम ठामपणे म्हणाले, "अठ्ठावीस."

मी उठून खांबाजवळ गेलो. ओल्याचा पारा बरोबर अठ्ठावीसवर होता. मुलीनं गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता. तो मी उचलला आणि त्यांच्या समोर, त्यांना दिसेल असा, शेवटच्या घोटापर्यंत पिलो.